किल्ला तुम्हाला चुकवायलाच बांधलाय: मुंबईहून रविवारी ट्रेकला जाताय तर या चुका टाळा

रविवारी सकाळी आसनगाव किंवा नेरळ स्टेशनला उतरलात की संध्याकाळी कोण लंगडत परत येणार ते तिथेच ओळखू येतं. जीन्स, पाठीला कॉलेजची सॅक, अर्ध्या लिटरची एक बाटली, ब्लूटूथ स्पीकर, आणि साडेनऊ वाजले तरी "अजून दोघं यायचेत, कुर्ल्याला गाडी सुटली त्यांची" म्हणून वडापावच्या गाडीसमोर उभा असलेला घोळका. मी हसत नाहीये हां, काही वर्षं मीच त्या घोळक्यात असायचो.

किल्ल्यांच्या वाटांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हा काही फिरायला केलेला गार्डनचा रस्ता नाही. ही लष्करी जागा आहे, आणि बांधणाऱ्याने सगळा विचार केलाय तो अनोळखी माणूस वर पोचू नये म्हणून. दरवाजा गोमुखी, म्हणजे समोर येईपर्यंत दिसतच नाही, वाट मुद्दाम बुरुजाखालून वळवून नेलेली, आणि जिथून सहज चढता आलं असतं तो कडा छिन्नीने तासून ठेवलेला. त्यात आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, कडक थराचा उभा कडा, खाली मऊ थराचा उतार किंवा पठार, परत कडा. म्हणजे समोर दिसणारा सरळ रस्ता आणि खरी वाट यांचा संबंध असेलच असं नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

शॉर्टकट आणि ढोरवाटा

गुरं चरायला जातात त्या वाटा इतक्या छान मळलेल्या असतात की तीच मेन वाट वाटते. गुरांना किल्ल्यावर काही काम नसतं, त्यामुळे ती वाट आडवी आडवी जात कुठल्यातरी पाणवठ्यावर किंवा कारवीच्या झाडोऱ्यात संपते. पंधरा मिनिटं चालून उंची अजिबात वाढली नाही, दगडावर रंगाचा बाण नाही, रचलेले दगड नाहीत, चिप्सचं रॅपर सुद्धा नाही (आपल्या लोकांची कृपा, रॅपर ही आता खूण झालीय), तर समजा ढोरवाटेला लागलात. अशा वेळी "जाऊ पुढे, लागेल कुठेतरी" म्हणायचं नाही. शेवटची पक्की खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत उलट जायचं, एकालाच पुढे पाठवून बाकीच्यांनी ओरडत बसायचं नाही, सगळ्यांनी मिळून.

उतरताना वाट चुकली तर आणखी एक हमखास चूक होते, ओढ्यातून खाली उतरायची. डोकं म्हणतं पाणी खाली जातंय म्हणजे गावात जाणार. जातं ना, पण ते कड्यावरून उडी मारून जातं! वर सांगितलेले थर आठवा, आपल्याकडचा ओढा कुठे ना कुठे धबधबा होतोच. आपण दोन-तीन छोटे टप्पे घसरत उतरतो, मग समोर साठ-सत्तर फूट सरळ खाली, आणि मागचे शेवाळलेले टप्पे आता चढता येत नाहीत. बचाव पथकांना लोक अशाच जागी अडकलेले सापडतात. उतरायचं ते सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत जाणाऱ्या उंच धारेवरून, ओढ्यातून नाही.

मोबाईलवरच्या नकाशाचं म्हणाल तर ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, पण दुसऱ्याचा रेकॉर्ड केलेला ट्रॅक वेदवाक्य समजू नका, तो जिथे चुकला ते पण त्यात रेकॉर्ड झालेलं असतं. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. अडकलात तर उघड्या धारेवर किंवा खिंडीत येऊन ११२ हा आपत्कालीन नंबर लावून बघा, स्वतःच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून लागू शकतो.

वेळेचं गणित

मुंबईकराला शेवटची लोकल पाठ असते पण सूर्यास्त किती वाजता ते माहीत नसतं. साधा हिशोब सांगतो, चढायला तीन तास लागले तर उतरायला दीड लागेल हे डोक्यातून काढा. थकलेले गुडघे, घसारा, म्हणजे सुट्टी खडी असलेला उतार, आणि ग्रुपमधला एक जण बसून बसून उतरणारा. चढाएवढाच वेळ धरा. पायथ्यापासून निघताना ठरवा की दीड वाजला की जिथे असू तिथून मागे फिरायचं, माथा दहा मिनिटांवर असला तरी. हे पाळणं भयंकर जड जातं, मला अजून जातं.

गावातल्या माणसाला विचारलं की तो म्हणतो "हे काय, अर्ध्या तासाची वाट." खोटं बोलत नाही तो, त्याचा अर्धाच तास असतो. आपला दीड.

राजमाची किल्ल्याला तर हे कायम होतं. लोणावळ्याहून जाणारी वाट बरीचशी सपाट पण पंधरा किलोमीटरच्या आसपास, कर्जतच्या बाजूने कोंदिवड्यातून येणारी अंतराला कमी पण उभा चढ. लोक लोणावळ्याहून आरामात रमत जातात, श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले बघतात, त्यांच्या पायथ्याच्या उधेवाडीत जेवतात, आणि मग चार वाजता कोणीतरी म्हणतं कर्जतला उतरू, जवळ पडेल. अंधारात त्या जंगलातून उतरताना एका टॉर्चमध्ये सहा जण. टॉर्च प्रत्येकाकडे पाहिजे, मोबाईलचा धरून चालणार नाही, उतरताना हात मोकळे लागतात.

आणि हो, मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या लोकल! रविवारी दुपारी परतीचं प्लॅनिंग करताना हा आठवतच नाही कुणाला. शनिवारी रात्रीच बघून ठेवा.

पाणी, पाय, पोटऱ्या

पावसाळ्याबाहेर माणशी तीन लिटर, ऑक्टोबरमध्ये आणि मार्चनंतर त्याहून जास्त. पोटरीत गोळा आला तर नुसतं पाणी ढोसून उपयोग नाही, घामातून मीठ गेलेलं असतं, ओआरएस घ्या किंवा मीठ-साखर-लिंबू, सावलीत बसा, पंजा आपल्याकडे ओढून स्ट्रेच करा. किल्ल्यावर खडकात खोदलेल्या टाक्यांतलं सगळंच पाणी पिण्याचं नसतं, गावात विचारून निघा कुठलं टाकं पिण्याचं आहे, आणि त्यात पोहू नका. खरंच लोक पोहतात, पिण्याच्या टाक्यात, साबण लावून.

बूट महाग पाहिजेत असं नाही, ॲक्शन कंपनीच्या ट्रेकिंग शूजवर अख्खा सह्याद्री फिरलेली माणसं आहेत. पण वर्षभर माळ्यावर पडलेला बूट थेट ट्रेकला घालू नका, सोलचा गोंद सुकलेला असतो आणि अर्ध्या वाटेत तोंड उघडतो. उघडलाच तर जादा लेस किंवा चिकटपट्टी बुटाभोवती गुंडाळून बांधायची, लेस टाचेखालून न घेता चवड्याखालून घ्यायची, आणि पुढचा चढ सोडून देऊन उतरायला लागायचं.

पावसात

विसापूर किल्ल्याची पायऱ्यांची वाट पावसात पाण्याखाली असते, फोटोत भारी दिसते, पाय घसरायलाही तितकीच भारी. वर ऊन असलं तरी मागच्या डोंगरावर पडलेला पाऊस ओढ्यात थोड्या वेळाने उतरतो, म्हणून सकाळी घोट्याएवढं पाणी होतं तिथे दुपारी कमरेएवढं असू शकतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला की पात्रातून लगेच बाहेर. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलाय. पाणी वाढलं तर ओसरेपर्यंत अलीकडेच थांबा, ट्रेन चुकली तर चुकली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, त्यामुळे रेड अलर्ट असताना "धुकं मस्त असेल" म्हणून निघणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, सरळ येत नाही म्हणतो.

मधमाश्या

कर्नाळ्याच्या सुळक्याला आग्या मोहोळं असतात, इतर किल्ल्यांच्या कड्यांनाही. डिओ, परफ्यूम, धूर, आरडाओरडा यांनी त्या उठतात. उठल्याच तर हात झाडू नका, डोकं-तोंड कपड्याने झाका आणि आल्या वाटेने लांब व्हा, पण दरीची बाजू असेल तर पळायचं नाही, झाकून खाली बसायचं. काटे नखाने खरवडून काढा. खूप चावल्या, श्वास लागला किंवा तोंड सुजलं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना.

गावात सांगून जा

आसनगावजवळच्या माहुलीला आम्ही एकदा असेच चुकलो. हा तोच किल्ला जिथे १६३६ मध्ये शहाजीराजांना वेढा पडला होता, पळसगड, माहुली आणि भंडारगड असा जोड पसारा, माथ्यावर झाडी इतकी की दहा पावलांवरचं दिसत नाही. उतरताना गप्पांच्या नादात शिडीची वाट सोडून डावीकडे घुसलो आणि दीड तास कारवीत. गावातले काका नंतर म्हणाले चकवा लागला तुम्हाला. चकवा कसला, पुढे चालणारा मीच होतो.

सकाळी पायथ्याच्या एका घरी आम्ही पाच जणांचं पिठलं-भाकरी सांगून गेलो होतो, चार वाजता येतो म्हणून. सहा वाजून गेले तरी पोरं आली नाहीत म्हणून मावशींनी मुलाला बॅटरी देऊन वर पाठवलं, आणि त्याच्या हाका ऐकून आम्हाला दिशा कळली. तेव्हापासून भूक असो नसो, मी वर जायच्या आधी खाली जेवण सांगतो, किती जण आणि किती वाजता येणार ते सांगतो, अर्धे पैसे आधीच देतो. त्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा आठ वाजले होते, भाकऱ्या गार झाल्या होत्या, आणि मावशी एक अक्षर बोलल्या नाहीत, फक्त ठेचा जरा जास्त वाढला.