गावाचा जुना संदर्भ शोधताना आधी साल आणि राज्य ठरवा

अंबाजोगाई येथे १९३० च्या सुमारास असलेली शाळा, छावणी किंवा एखादी जमीन यांविषयी इंटरनेटवर माहिती हवी असेल आणि शोधताना नुसते ‘अंबाजोगाई’ असे लिहिले, तर योगेश्वरीचे मंदिर, वैद्यकीय महाविद्यालय आणि अलीकडच्या बातम्या यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. माहिती अस्तित्वात नाही असा त्याचा अर्थ नव्हे. निजामाच्या राजवटीतील कागदांत हे गाव ‘मोमिनाबाद’ या नावाने येते, जुन्या मराठी लेखनात ‘आंबेजोगाई’ किंवा ‘जोगाईचे आंबे’ असे आढळते आणि बीड जिल्ह्याचे नाव त्या काळच्या इंग्रजी ग्रंथांत ‘भीर’ असे छापलेले असते.

म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी आपल्याला नेमके कोणते साल हवे आहे, ते निदान दहा वर्षांच्या टप्प्यात तरी कागदावर लिहून काढावे आणि त्या साली ते गाव कोणत्या राज्यात होते हे निश्चित करावे. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या सत्तेखाली, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आणि त्यानंतर १ मे १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्यात होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्ह्यांची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांत, मराठवाड्यातील किंवा विदर्भातील गावे शोधत बसण्याची चूक जाणकारांकडूनही होते. विदर्भासाठी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची प्रकाशने पाहावी लागतात, तर मराठवाड्यासाठी हैदराबादची. त्या राज्याचे बरेचसे दप्तर आजही हैदराबाद येथील तेलंगणाच्या पुराभिलेखागारात आहे.

राज्यानंतर जिल्हा पाहावा. मालवण १ मे १९८१ पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होते, कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्या दिवशी अस्तित्वात आला. अलिबागचा जुना जिल्हा कुलाबा. जव्हारचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे: १९४८ पर्यंत ते स्वतंत्र संस्थान, पुढे ठाणे जिल्ह्यातील तालुका आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यातील तालुका, त्यामुळे एकाच गावासाठी तीन वेगवेगळे शोध घ्यावे लागतात. वडगाव, पिंपळगाव अशी नावे तर जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. तेथे तालुक्याचे नाव जोडल्याशिवाय शोधाला सुरुवातच करू नये.

सालाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, ती म्हणजे कागदावरील साल इसवी असेलच असे नाही. शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत, मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावेत. निजामी कागदांवरील फसली, म्हणजे महसुली कालगणनेच्या सालात ५९० किंवा ५९१ मिळवल्यास इसवी सन मिळतो. म्हणजे फसली १३४० हे साधारणपणे १९३०-३१ होय. शोधताना कागदावरील मूळ साल आणि इसवी सन असे दोन्ही आकडे वापरून पाहावेत.

गूगलच्या ‘टूल्स’मध्ये कालावधी निवडण्याची सोय आहे, परंतु ती जपून वापरावी, कारण तो कालावधी पान प्रसिद्ध झाल्याचा असतो, घटना घडल्याचा नव्हे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी झाला, म्हणून १९९३ हा कालावधी निवडला तर जवळजवळ काहीच मिळणार नाही, कारण त्या वेळी मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर नव्हती. अशा वेळी ‘१९९३’ हा आकडा शब्दांसोबतच लिहावा. इंग्रजीत या भूकंपाला बहुधा लातूरचे नाव दिलेले असते, आणि ज्या उमरगा तालुक्यात मोठी हानी झाली तो तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात येतो, हेही लक्षात ठेवावे. याउलट गूगल बुक्समध्ये कालावधीची निवड खरोखर उपयोगी पडते, कारण तेथे पुस्तकाच्या छपाईचे साल धरले जाते.

एवढे करूनही काही कागद शोधात येतच नाहीत, कारण मोडीतील किंवा उर्दूतील हस्तलिखिताचे केवळ छायाचित्र चढवलेले असते आणि त्यातील अक्षरे शोधयंत्राला वाचता येत नाहीत. तेथे गावाचे नाव सोडून संग्रहाची सूची उघडावी आणि राज्य, जिल्हा व साल या क्रमाने पाने चाळावीत.