नडगीचं वरचं टोक मोडलं, तेव्हा गुडघा कसा सांभाळला

नडगीच्या हाडाचं वरचं टोक मोडलं (डॉक्टर त्याला टिबियल प्लॅटो म्हणतात) की नुसतं हाड जुळून भागत नाही. गुडघ्याची कूर्चा, म्हणजे हाडावरचा गुळगुळीत थर, त्याच टोकावर असते आणि तो पृष्ठभाग वरखाली राहिला तर पुढे सांधा झिजतो. म्हणून मला प्लेट-स्क्रू बसवले. अशा फ्रॅक्चरमध्ये बहुतेकदा ६ ते १२ आठवडे पायावर भार देता येत नाही. कधी द्यायचा ते एक्स-रे बघून डॉक्टरच ठरवतात.

या काळात घात करते ती गुडघ्याखालची उशी. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच आखडतो. फिजिओ ताईंनी ती लगेच काढायला लावली आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. मग मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. सुरुवातीला मांडी हलायचीच नाही. हात ठेवला तर वाटीच्या वर जेमतेम थरथर लागायची. ती लागली की मला केवढा धीर यायचा!

पुढे काठी आली, ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

आई म्हणायची, "अगं, आता तरी मांडी घालून बस." मी पूजेलाही खुर्चीच घेतली आणि वजन उतरवलं. एक किलो घटलं की चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी कमी होतो.

पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर मात्र शेकत बसू नका. रक्ताची गुठळी असू शकते, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.