जिओकॅशचा डबा रंगवताय? या चुका टाळा

जिओकॅशिंग करणारे आपल्याकडेही हळूहळू वाढतायत, खूप बरं वाटतं. पण प्रत्येक नवीन माणूस तोच हिरवा स्प्रे आणि त्याच चुका घेऊन येतो, म्हणून आज एकदाचं सगळं लिहून टाकतोय.

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात: डबा लपवायचा, त्या जागेचे जीपीएस आकडे द्यायचे, दुसऱ्यांनी तो शोधून आतल्या वहीत नाव लिहायचं आणि परत तिथेच ठेवायचा. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने एक काळी बादली अर्धी पुरून याची सुरुवात केली. आता जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणायला मनाई आहे, डबा बहुतेक वेळा जमिनीच्या वरच लपवावा लागतो, म्हणूनच रंगाला एवढं महत्त्व.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हिरवा रंग. एका पावसाळ्यात मी मावळात मित्राच्या शेताच्या बांधावर डबा ठेवला, त्याच्या बाबांना रीतसर विचारून. जुलै महिना, चहूकडे हिरवंगार, डब्यावर ऑलिव्ह ग्रीन आणि त्यावर गडद हिरवे पट्टे, दोन पावलांवरून दिसेना. फेब्रुवारीत मित्राचा फोन, "अरे, तुझा डबा रस्त्यावरून दिसतोय." गेलो तर गवत वाळून पिवळं झालेलं, गिरीपुष्पाची पानं गळून नुसत्या काड्या राहिलेल्या आणि दगडांच्या कपारीत एकच हिरवी वस्तू, माझा डबा. मी पोचेपर्यंत कुणीतरी तो उघडून कड्या तोडल्या होत्या, वहीची पानं बांधभर पसरलेली. ती पानं गोळा करताना फार वाईट वाटलं, कारण त्यावर आठ-दहा लोकांनी मनापासून लिहिलेलं होतं.

सह्याद्री हिरवा असतो चार महिने, उरलेले आठ महिने मातकट. त्यामुळे रंग पानांचा नको, दगडमातीचा घ्या. आणि कातळ काळा असतो असं म्हणून काळा स्प्रे मारू नका, जरा जवळ जाऊन बघा, तो राखाडी-तपकिरी असतो, त्यावर सुकलेल्या शेवाळाचे काळे ओघळ आणि दगडफुलाचे पांढुरके-हिरवट चट्टे. कोकणात जांभा असेल तर सगळा हिशोबच वेगळा, तिथे विटकरी आणि गंजासारखा रंग लागतो. मी तर त्या जागेची मूठभर माती घरी आणतो, सुकवून चाळतो आणि शेवटचा हात ओला असतानाच वरून भुरभुरवतो. कुठल्याही दुकानात मिळणार नाही असा रंग येतो.

बारीक ठिपके काढत बसू नका. दहा पावलांवरून ते एकजीव होतात आणि डब्याची चौकट तशीच दिसत राहते. मोठे, वेडेवाकडे पट्टे, आणि ते कडेवरून पलीकडच्या बाजूवर गेले पाहिजेत, कारण नजर आधी पकडते ती सरळ रेघ. मग डबा जागेवर ठेवून मोबाईलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. त्यात डबा उठून दिसला तर रंग कितीही जुळलेला असो, उजेड-अंधार जुळलेला नाही.

दुसरी चूक घाईची, आणि यावर मला खरंच राग येतो. दुकानातून डबा आणला, घरी येऊन स्प्रे मारला, संध्याकाळी नेऊन ठेवला. चार बाजूंनी कड्या असलेले ते डबे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात, तळाला त्रिकोणात ५ आकडा असतो बघा. त्याला रंग धरतच नाही. मला एकदा असा डबा सापडला, झाकण उघडताना रंगाचा आख्खा पापुद्रा सापाच्या कातीसारखा हातात आला आणि खाली गवतात रंगाचे तुकडेच तुकडे. रानात कचरा टाकायला आपण हा खेळ खेळतो का?

आधी भांड्याच्या साबणाने धुवा, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, पुसून गाडीच्या बंपरला मारतात तो प्लॅस्टिक प्रायमर मारा, ऑटो पेंटच्या दुकानात मिळतो. मग एक जाड हात न देता तीन-चार पातळ हात, प्रत्येक वेळी वाळू देत. पावसाळी दमट हवेत स्प्रे मारूच नका, रंगावर पांढुरकी झाक येते. आणि नंतर डबा आठवडाभर गच्चीत राहू दे. शॉर्टकट विचारू नका, मला सापडलेला नाही.

बाकीचं पटापट. ग्लॉसी रंग नको, मॅटच मागून घ्या. झाकणातल्या सिलिकॉन रिंगवर रंग गेला की पाणी आत आलंच, म्हणून रिंग काढून ठेवा आणि खाचेला मास्किंग टेप लावा. लोणच्याचा डबा वापरू नका, वासाने मुंग्या आणि उंदीर येतात. गडावर संरक्षित वास्तूत ठेवू नका, आणि बाकी कुठेही जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय नको.

शहरात मात्र लष्करी दिसणारा डबा मुळीच नको. बेवारस वस्तू दिसली की लोक पोलिसांना बोलावतात आणि ते बरोबरच आहे. डबा रंगाने लपलेला असला तरी झाकणावर 'जिओकॅश, खेळाचा डबा, धोका नाही' असं मराठीत ठळक लिहा आणि आपला फोन नंबर टाका.

ठेवायला नेण्याआधी आत कोरडा टिश्यू घालून डबा रात्रभर बादलीत पाण्याखाली दाबून ठेवा, वर वरवंटा ठेवला तरी चालतो. सकाळी टिश्यू कोरडा निघाला तरच वही आत घाला.