एक सेल, एक बल्ब, एक वायर

प्राथमिक शिक्षकांना प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण तुम्ही नव्यानं द्यायला लागला असाल, तर पहिल्या सत्राला पीपीटी नेऊ नका. प्रत्येकाच्या हातात एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि वीतभर वायर द्या. एवढंच सांगा, "पेटवा."

नवी मुंबईतल्या घणसोलीत पहिल्यांदा हे केलं तेव्हा समोर ३० शिक्षक होते. विद्युत परिपथाची आकृती सगळ्यांना पाठ. तरी दहा मिनिटं एकही बल्ब पेटेना. आकृतीत बल्ब होल्डरमध्ये असतो. नुसता बल्ब हातात आला की त्याची दोन टोकं कोणती, इथंच गाडी अडते. बुडाचा ठिपका हे एक टोक, आट्यांची धातूची कडा हे दुसरं. बहुतेकांनी सेल आणि वायर दोन्ही ठिपक्यालाच टेकवली होती. मला राहवलं नाही. शेजारच्या बाईंच्या हातातून बल्ब घेऊन मी पेटवून दाखवला. सगळ्यांनी तसंच केलं, आणि शोधायला काही उरलंच नाही. महिन्याभरानं त्यांच्या चौथीच्या वर्गात गेलो, तर बाईही मुलांच्या हातातून बल्ब घेत होत्या. हे त्या माझ्याकडूनच शिकल्या होत्या, याचं फार वाईट वाटलं.

आता मी हात मागे बांधून उभा राहतो. कुणाचा बल्ब पेटला की शाबासकीआधी विचारतो, "अजून कसं जोडता येईल?" जोडण्या चार निघतात. चौथी सापडेपर्यंत चहाची सुट्टीही कुणाला नको असते.

सामान आदल्या दिवशी स्वतः तपासा. पांढरा एलईडी नेऊ नका, १.५ व्होल्टच्या एका सेलवर तो पेटत नाही आणि शिक्षकांना वाटतं आपलंच चुकलं. अडीच व्होल्टचे जुने बल्ब हल्ली शोधावे लागतात. नुसती वायर सेलच्या दोन्ही टोकांना धरली तर तापते, हे मात्र आधीच सांगा. वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथलं साहित्य जरूर पाहा.

आणि प्रशिक्षणानंतर वर्गात जाच. त्या बाईंकडे मी पुन्हा गेलो. ४२ मुलं, चौघाचौघांचे गट. "बाई, पेटतच नाही!"

बाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "कुठं कुठं लावून पाहिलंस, ते वहीत काढ बघू."