जुना रॉजर्स चाकू: घेताना आणि घासताना

पुण्याच्या जुन्या बाजारात घडीचा चाकू हाती आला की मूठ नंतर, आधी पात्याचा बुंधा बघा. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा असेल तर तिथे चांदणी आणि माल्टीज क्रॉसचा छाप दिसतो. सोबत मुकुट आणि 'व्ही आर' असेल तर माल बहुधा १९०१ च्या आधीचा, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला. मूठ हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची निघाली तर सरळ पुढे चला. वन्यजीव कायद्याने त्यांचा व्यवहार बंद आहे. खटका कडक हवा, मिटल्यावर पातं मधोमध बसायला हवं. बाकी घासाघीस तुमची तुम्ही करा.

घरी आणल्यावर घाई नको. सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडा, रात्रभर ठेवा, मग हळूहळू उघडझाप करा. काळं तेल बाहेर येईल, ते पुसा, पुन्हा सोडा. आतली घाण दातकोरणीने काढा. तांबडा गंज बारीक स्टीलवूल आणि तेलाने जातो. करडी-निळसर झाक मात्र राहू द्या, तोच जुन्या कार्बन स्टीलचा रुबाब! माझी उभी हयात कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं घडवण्याच्या खात्यात गेली, तरी ग्राइंडर मी यांना लावत नाही. पातं तापलं की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि घासून छापही पुसतो.

धार दगडावरच, पातं साधारण वीस अंशांत धरून. म्हशीच्या शिंगाच्या मुठीला खोबरेल चोळा.

पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ओल धरते. तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात गुंडाळा.