सांदवाडीतल्या (घरामागच्या परसातल्या) कोंबड्या आणि मे-जूनचं वादळ

बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ विदर्भापर्यंत येतं तेव्हा बहुतेकदा वारा ओसरून पाऊसच उरलेला असतो. आपल्याकडे छपरं उडवतात ती मे-जूनमधली दुपारची वादळं. सकाळपासून ४४ अंश, तीन-चारच्या सुमारास आभाळ काळंभोर, आधी धुळीचा लोट, मग वारा, पाऊस सगळ्यात शेवटी. त्यामुळे कोंबड्यांची अडचण दुहेरी होते. भरदुपारी खुराडा ताडपत्रीने बंद केला तर उष्म्याने मरतात, उघडा ठेवला तर तासाभरात भिजून गारठतात. म्हणून तयारी अशी हवी की खुराडा पाच मिनिटांत बंद करता आला पाहिजे आणि लगेच उघडताही आला पाहिजे.

टिनावर दगड ठेवले की झालं, हा समज आधी सोडा. वारा टिनाला वळचणीखालून उचलतो. पत्रा फडफडला की दगड घसरतो आणि खाली बसलेल्या कोंबड्यांवर, नाहीतर माणसावर येतो. पत्रा कडेपासून सुटतो, तेव्हा हुकही कडेलाच वाढवा. मधल्या आडव्या बल्ल्यांवर (लाकडी वाशांवर) पत्र्याच्या एकाआड एक उंचवट्यावर चालेल, पण वळचणीला आणि दोन्ही बाजूंच्या कडांना प्रत्येक उंचवट्यावर जे-हुक (पत्रा बल्लीला धरणारा वाकडा हुक) पाहिजे. खोलगट भागात भोक पाडू नका, तिथूनच गळतं. हुकाचा वायसर चिरला असेल तर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घाला. हुक ज्या बल्लीला धरतो तिला सुरीचं टोक खुपसून पाहा. टोक सहज आत गेलं तर वाळवीने ती पोखरली आहे, हुक कितीही लावा, बल्लीसकट उडतील.

खरी फसगत काळ्या जमिनीत होते. मे महिन्यात भेगा पडतात आणि खांबाभोवतीची माती सुटते, पहिल्या सरीत तीच माती लोण्यासारखी होते. ताण द्यायला ठोकलेली खुंटी तेव्हा हाताने उपसून येते. खांब किमान अडीच फूट खोल हवा, भोवती काळी माती न भरता मुरूम आणि गिट्टी थराथराने कुटून भरा. खुंटीऐवजी दोन फूट खड्ड्यात मोठा दगड आडवा पुरा, त्याला आधीच जाड तार बांधलेली ठेवा आणि ती छपरावरून आडवी नेऊन पलीकडच्या तशाच दगडाला ताणा. चारही कोपऱ्यांना असं करायला एक दिवस लागतो. खुराड्यावर झुकलेली शेवग्याची फांदी त्याच दिवशी उतरवा. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, सगळ्यात आधी तेच मोडतं.

जाळीच्या बाजूंना ताडपत्री किंवा उसवून जोडलेल्या चुंगड्या (पोती) वरच्या बाजूने पक्क्या बांधून गुंडाळून ठेवा, खालच्या काठात बांबू शिवा. सुतळीची गाठ सोडली की पडदा बांबूच्या वजनाने खाली येतो. तो बांबू खाली दोन्ही टोकांना बांधायचा, नाहीतर पडद्याचं शीड होतं. वाऱ्याच्या बाजूचा पडदा पूर्ण खाली सोडा, विरुद्ध बाजूचा पडदा छपरापासून वीतभर खाली बांधलेला असू द्या, म्हणजे वर फट राहते. आत कोंडलेला वारा छप्पर उचलतो, आणि ओल्या विष्ठेतल्या अमोनियालाही बाहेर पडायला वाट हवी.

कोंबड्या मात्र वेळेवर आत आल्या पाहिजेत. एरवी त्या दिवेलागणीला येतात, वादळ त्याआधी गाठतं. आठ-दहा दिवस रोज तीन वाजता खुराड्यातच मूठभर ज्वारी किंवा कणी टाका, त्याच हाकेने बोलवा. मग वाऱ्याच्या दिवशी मागे धावावं लागत नाही. विजेसाठी ‘दामिनी’ आणि हवामानासाठी ‘मेघदूत’ ही ॲप मोबाइलमध्ये ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर राहिलेली एखादी कोंबडी पकडायला झाडाखाली जाऊ नका.

पिलांचा हिशोब वेगळा. वादळानंतर पारा झपाट्याने उतरतो, वीज गेलेली असते, पिलं एका कोपऱ्यात ढिगाने चढतात आणि खालची गुदमरून मरतात. कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून गोल करा. पहिल्या आठवड्यात पिलांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. बल्ब बंद पडला तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवा. खुडूक कोंबडी डालीसकट आदल्या रात्री घरात घ्या. गडगडाटाने अंडी बाद होतात असं मानून त्यांत खिळा किंवा कोळसा ठेवतात. तो ठेवायचा तर ठेवा, पण अंडी बाद होतात ती कोंबडी उठून गेल्याने आणि ती गार पडल्याने.

मोठ्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य आणि उन्हाळ्यात अर्धा लिटरपर्यंत पाणी लागतं. पंधरा कोंबड्यांना तीन दिवसांसाठी साडेपाच किलो खाद्य आणि २२ ते २३ लिटर पाणी झाकून ठेवा. खाद्याची चुंगडी भिंतीपासून सुटी, फळीवर असू द्या. भिजलेला मका वाळवून घालायचा मोह होतो, तो टाळा. बुरशीचं विष वाळवल्याने जात नाही. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वादळाच्या आदल्या दिवशी नको, दोन आठवडे आधीच होऊन जाऊ द्या. वीज गेल्याने फ्रीजमध्ये तापलेली लस टोचून उपयोग नाही.

वादळ गेल्यावर आधी तारा पाहा. तुटलेली तार टिनावर पडली असेल तर खुराड्याला हात लावू नका, वीज कंपनीच्या १९१२ नंबरवर कळवा. भिजलेल्या कोंबड्या बोरीने (गोणपाटाने) पुसून कोरड्या जागी ठेवा, प्यायला लिटरभर पाण्यात दोन चमचे गूळ द्या. खुराड्यात अंथरलेला ओला तूस त्याच दिवशी खरवडून काढा, दोन-तीन इंच कोरडा टाका. उष्मा आणि ओल मिळाली की चार-पाच दिवसांत रक्ती हगवण सुरू होते, ती पिलांना आधी धरते. हगवण दिसली तर १९६२ वर पशुवैद्यकीय मदत मागा. अंडी आठवडाभर कमी मिळतील, त्यासाठी औषध विकत घेऊ नका.

मेलेल्या कोंबड्या पुरण्याआधी मोजून, छपरासकट दिसतील असे फोटो काढा आणि तलाठ्याला व पशुधन दवाखान्यात लगेच कळवा. आपत्ती मदतीच्या २०२२-२६ च्या निकषांत पक्ष्यामागे १०० रुपये, कुटुंबाला जास्तीत जास्त १०,००० रुपये धरले होते, पण पंचनाम्यात कोंबड्यांचा आकडा नसेल तर त्यातलं काहीच हाती येत नाही. पुरताना खड्डा तीन फुटांचा, विहिरीपासून लांब, वर चुना आणि त्यावर काटेरी फांद्या. नाहीतर रात्रीच कुत्री उकरतात.