संधिवातात हळद, शल्लकी, मासळीचं तेल: गोळ्यांच्या जोडीला काय आणि कसं घ्यावं

सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे. हळदीचं गाव, त्यामुळे कुणाचे सांधे धरले की काउंटरवर पहिला प्रश्न तोच: "ताई, मेथोट्रेक्सेट बंद करून हळदीच्या कॅप्सूल सुरू करू का?" मेथोट्रेक्सेट ही या आजाराला आवर घालणारी मुख्य गोळी. बंद काहीही करायचं नाही. जोडीला काय घेता येईल ते मात्र नीट बघू. माझ्या मावशीला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए), म्हणजे आमवात आहे, आणि इथलं सगळं त्याच संधिवाताबद्दल. तिच्यासाठी मी जशी निवड करते तशीच इथे सांगते.

आधी आपला संधिवात कुठला, ते डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. वयोमानाने गुडघा झिजतो ते वेगळं. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि सूज मोजणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या त्यासाठीच असतात. एकदा झिजलेलं हाड परत भरून येत नाही, म्हणून सुरुवातीचे महिने फार मोलाचे. ते नुसत्या काढ्यांवर घालवू नका, ही माझी हात जोडून विनंती. मेथोट्रेक्सेट बहुतेकांना आठवड्यातून एकदाच असते. वार ठरवा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं.

आता हळद. भाजी-आमटीतली खुशाल खा. पण हळदीत कर्क्युमिन (तिचं गुणकारी द्रव्य) असतं साधारण तीन टक्के, म्हणजे चमचाभर पुडीत जेमतेम शंभर मिलिग्रॅम, आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. 2012 साली 45 रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. त्यात कर्क्युमिनची मात्रा 500 मिलिग्रॅमची होती, आणि दुखणं-सूज डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीइतकीच किंवा जास्त उतरली. अभ्यास आशादायक आहे, पण छोटा. हळदीच्या दुधाने तेवढी मात्रा पोटात जात नाही.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर पाकिटावर 'पायपरीन' शब्द शोधा. ते मिऱ्यातलं द्रव्य. त्याने कर्क्युमिनचं शोषण कितीतरी पटींनी वाढतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्येच दाखवलं होतं. जाहिरातीत हा गुण म्हणून सांगतात. मला तिथेच काळजी वाटते. जास्त शोषणाच्या अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत, आणि मेथोट्रेक्सेटमुळे आपल्या यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं. म्हणून डॉक्टरांना विचारून, लिव्हरची तपासणी करून मगच सुरू करा आणि काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा. भूक मेली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळद, आलं, मासळीचं तेल, काहीच कॅप्सूलरूपात आपल्या मनाने घेऊ नका.

हळद, आलं, शल्लकी (सलईच्या झाडाचा डिंक), अश्वगंधा या चौघांचं मिश्रण पुण्यात नीट तपासलं गेलंय. 182 रुग्ण, सोळा आठवडे. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. 2000 साली निष्कर्ष आले. बरं दोन्ही गटांना वाटलं! ठळक फरक दिसला तो फक्त आरए फॅक्टरच्या आकड्यात. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण या आजारात दुखणं आपोआपही चढतं-उतरतं. शल्लकीचे चांगले निकाल आहेत ते मुख्यतः गुडघ्याच्या झिजेत.

मग सगळ्यात भरवशाचं काय? मासळीचं तेल. बहुतेक अभ्यासांत ईपीए आणि डीएचए (त्यातली कामाची ओमेगा-3 द्रव्यं) मिळून रोज तीन ग्रॅमच्या आसपास होतं, आणि गुण यायला दोन-तीन महिने लागले. इथे लेबल उलटून वाचायला शिका. पुढे '1000 मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं, मागे बारीक अक्षरात ईपीए 180, डीएचए 120. म्हणजे कामाचं फक्त तीनशे. तीन ग्रॅमसाठी अशा दहा कॅप्सूल लागतील. त्यापेक्षा जास्त तीव्रतेची मागा, आणि मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा खावी. जवसाची चटणी चांगलीच, पण जवसातल्या ओमेगा-3 चं ईपीए शरीरात फार थोडं होतं. शाकाहारी माणसाला शेवाळाच्या तेलाची कॅप्सूल मिळते.

गुळवेल मी मावशीला देत नाही. 2020 च्या शेवटी मुंबईत सहा जणांना गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताचा त्रास झाल्याची नोंद आहे. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवं. तरी प्रतिकारशक्ती चेतवणारी वनस्पती या आजारात आपण होऊन घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बिब्बाही लावू नका, कातडी भाजून फोड येतात.

बिनालेबलच्या पुडीपासून मात्र चार हात लांब राहा. दोन दिवसांत सूज गेली, मग चेहरा गोल व्हायला लागला, साखर वाढली, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम थांबवू नका. ती घेऊनच डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइड अचानक तोडलं तर रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो.

नवीन काहीही एका वेळी एकच सुरू करा. वहीत रोज तीन गोष्टी लिहा: सकाळचा ताठरपणा किती मिनिटं होता, किती सांधे सुजलेले होते, वेदनाशामक गोळी किती वेळा लागली. तीन महिन्यांनी वही आणि सीआरपी शेजारी ठेवून बघा. फरक नसेल तर पैसे वाचवा. काढा असो की चूर्ण, डॉक्टरांना नावानिशी सांगा. मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी त्यांनाच विचारा, मेथोट्रेक्सेटबद्दलही आणि या सगळ्याबद्दलही.

निर्गुडीचा शेक मात्र निर्धास्त घ्या. पाला पाण्यात उकळा, पाणी सोसवेल इतपत कोमट झालं की हात बुडवून दहा मिनिटं बोटं हलकेच उघडा-मिटा. सकाळच्या ताठरपणाला बरं वाटतं. सांधा लाल होऊन तापलेला असेल त्या दिवशी शेकू नका, गार पाण्याची घडी ठेवा.